चढ, ओझे आणि जॉर्ज स्टीफन्सन

ज्या माणसाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते, त्याने वापरलेले रुळांमधल्या अंतराचे माप आज जगातल्या निम्म्याहून अधिक रेल्वेमार्गांवर आहे. चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. त्या माणसाचे नाव जॉर्ज स्टीफन्सन. पुस्तकांत त्यांना रेल्वेचे जनक म्हणतात. मला मात्र ते वेगळ्या कारणासाठी आवडतात. लहान इंजिनाने मोठे ओझे कसे ओढायचे आणि ते ओढताना कशाकशाचा विचार करायचा, हे त्यांनी आयुष्यभर स्वतः करून शोधले.

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसलजवळच्या वायलम या खाणगावात झाला. वडील खाणीतले पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनात कोळसा घालण्याचे काम करत. आई-वडील दोघेही निरक्षर, मुले सहा आणि पगार तुटपुंजा. शाळेचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरासमोरूनच लाकडी रुळांची वाट जात असे आणि तिच्यावरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत नेत. लहानपणी जॉर्जने दिवसाला दोन पेन्सवर शेजारच्या गाई राखल्या. मग कोळशातले दगड वेचले, खाणीवरचा घोडा हाकला आणि पुढे वडिलांच्या हाताखाली इंजिनावर काम धरले. सतराव्या वर्षी तो स्वतः एका इंजिनाचा चालक झाला.

सुट्टीच्या दिवशी बाकीचे कामगार विश्रांती घेत, तेव्हा जॉर्ज इंजिन खोलून त्याचा एकेक भाग पुसून पुन्हा जोडत असे. इंजिनांबद्दल पुस्तकांत बरेच लिहिलेले आहे हे त्याला कळले, पण ते वाचता येईना. म्हणून अठराव्या वर्षी तो रात्रशाळेत जाऊ लागला. बारा तास काम करून आलेला तरुण लहान मुलांसारखी अक्षरे गिरवत होता. पाटीवरची गणिते तो पाळीत मोकळा वेळ मिळाला की इंजिनाशेजारी बसून सोडवत असे. आपल्याला प्रेपच्या वेळी झोप येते, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

१८०२ मध्ये त्याचे लग्न झाले आणि १८०३ मध्ये रॉबर्ट हा मुलगा झाला. पण १८०६ मध्ये पत्नी क्षयाने वारली. जॉर्ज काही महिने कामासाठी स्कॉटलंडला गेला. परत आला तेव्हा खाणीतल्या अपघाताने वडील आंधळे झाले होते. घर चालवायला तो रात्री लोकांची घड्याळे आणि बूट दुरुस्त करू लागला. आपल्या शिक्षणाची उणीव मुलाच्या बाबतीत राहू द्यायची नाही, हे त्याने ठरवले होते. रॉबर्टला त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. मुलगा पुस्तके आणून बापाला वाचून दाखवी. अशा रीतीने एका फीमध्ये दोघे शिकले.

१८११ मध्ये किलिंगवर्थच्या एका खाणीत पाणी उपसणारे नवे इंजिन काही केल्या काम करीना. मोठमोठे जाणकार हात टेकून गेले. जॉर्जने ते खोलले, दुरुस्त केले आणि काही दिवसांत खाण कोरडी केली. पुढच्याच वर्षी त्यांची नेमणूक त्या खाणींच्या सगळ्या यंत्रांवर झाली. येथून त्यांची खरी वाटचाल सुरू झाली.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रुळांवरचे वाफेचे इंजिन स्टीफन्सन यांनी शोधलेले नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८०४ मध्येच वेल्समध्ये असे इंजिन चालवून दाखवले होते. पण त्याच्या वजनाने तिथले बिडाचे रूळ तुटत. इतरांनीही इंजिने केली. काहींना वाटे की गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक जागच्या जागी फिरेल आणि गाडी पुढेच जाणार नाही, म्हणून त्यांनी दातेरी रूळ टाकले. चाकावर पुरेसे वजन असेल तर गुळगुळीत चाकही रुळाला धरून राहते, हे वायलमच्याच खाणीवर प्रयोगाने दिसले होते. स्टीफन्सन यांनी हे सगळे पाहिले आणि जे टिकेल तेवढे घेतले.

१८१४ मध्ये त्यांनी आपले पहिले इंजिन तयार केले. त्याचे नाव ब्ल्यूखर. प्रशियाचे सेनापती ब्ल्यूखर नेपोलियनविरुद्ध लढत होते, त्यांच्यावरून हे नाव पडले. या इंजिनाने साधारण ३० टनांच्या वाघिणी ४५० फुटांना १ फूट अशा चढावर ताशी ६ किलोमीटरच्या थोड्या वर वेगाने ओढल्या. माणूस भरभर चालला तर इतकाच वेग होतो.

मी याचे गणित करून पाहिले. रुळावर सपाटीला एक टन ओझे सरकवायला साधारण साडेचार किलो ओढ लागते. ४५०ला १ या चढासाठी दर टनाला आणखी सव्वादोन किलो. म्हणजे ३० टनांना मिळून सुमारे २०० किलो ओढ झाली. ताशी ६.४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.८ मीटर. २०० गुणिले १.८ म्हणजे ३६०. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोला सेकंदात एक मीटर उचलणे, म्हणून ३६० भागिले ७५. उत्तर पाचच्या आत येते. इंजिनाचे स्वतःचे वजन ओढायला एखादी अश्वशक्ती आणखी धरू. आजच्या साध्या १०० सीसी मोटारसायकलच्या इंजिनाची ताकद यापेक्षा जास्त असते! तीस टन ओढायला अवाढव्य ताकद लागतेच असे नाही. वेग सोडायची तयारी असेल आणि रस्ता सपाट असेल, तर थोड्या ताकदीत पुष्कळ ओझे हलते.

पण रस्ता सपाट नसेल तर? स्टीफन्सन यांनी १८१८च्या सुमारास निकोलस वुड या सहकाऱ्याबरोबर हेच मोजले. वाघिणीला लागणारी ओढ मोजण्याचे साधन त्यांनी स्वतः तयार केले. त्यांना कळले की रुळावरचे घर्षण फार थोडे असते, पण चढ अगदी किरकोळ दिसला तरी तो इंजिनाला खाऊन टाकतो. १०० फुटांना १ फूट चढ डोळ्यांना जाणवतही नाही. पण त्या चढावर दर टनाला दहा किलो जास्तीची ओढ लागते. म्हणजे सपाटीवरच्या साडेचार किलोंऐवजी साडेचौदा, तिप्पटीहून अधिक. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. इंजिन मोठे करण्याआधी वाट सपाट करा. डोंगर आला तर कापा, दरी आली तर भरा.

हे मला पुस्तकापेक्षा आमच्या मागच्या कॅम्पमध्ये जास्त नीट समजले. कॅम्पची जागा टेकडीवर होती आणि पाणी खालून न्यायचे होते. शाळेचा लहान इंजिनाचा डिझेल पिकअप आणि त्याच्या मागे पाण्याचा ट्रेलर. टाकी १००० लिटरची, म्हणजे नुसते पाणीच एक टन. आम्ही काही कॅडेट्स पैजा लावत होतो की पिकअप चढेल की नाही. एमटीचे उस्ताद मात्र पैजेत पडले नाहीत. त्यांनी आधी पिकअपवरची पट्टी वाचली, किती वजन ओढायची परवानगी आहे ते पाहिले. मग आम्हाला चढ मोजायला लावला. सर्वांत कठीण तुकड्यावर तो दहाला एक भरला. सपाट डांबरी रस्त्यावर रबरी टायरच्या गाडीला टनामागे दहा-पंधरा किलो ओढ लागते. दहाला एक चढावर त्यात शंभर किलोंची भर पडते. आणि हे फक्त ट्रेलरचे नाही, पिकअपच्या स्वतःच्या वजनाचेही.

उस्तादांनी टाकी अर्धीच भरली आणि दोन फेऱ्या करायचे ठरवले. अर्धी टाकी असली की पाणी हिंदकळते, म्हणून वळणावर वेग आणखी कमी ठेवायचा हेही सांगितले. पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चढली. लहान गिअर म्हणजे वेग देऊन ओढ विकत घेणे, असे मला तेव्हा वाटले. आमच्यातल्या एकाने विचारले की पूर्ण टाकीसुद्धा इंजिनाने ओढली असती ना? त्यावर उस्तादांचे म्हणणे असे होते की ओढली असतीही, पण हीच गाडी उतारावर थांबवायची कोणी? इंजिन पुढे ओढते, पण उतारावर ओझे मागून ढकलते. लहान गाडीचे ब्रेक लहान असतात. ते सतत दाबून ठेवले तर तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून उतरतानाही लहान गिअरच ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरते. ट्रेलरमधले ओझे आसाच्या किंचित पुढे ठेवायचे, म्हणजे जोडावर थोडा भार येतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलत नाही. पण हा भार फार झाला तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आमच्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर हवेत उचललेली मी पाहिली आहेत, त्यामुळे हे मला लगेच पटले.

पुन्हा स्टीफन्सन यांच्याकडे वळू. खाणीत त्या काळी उघड्या दिव्यामुळे गॅसचा स्फोट होऊन माणसे मरत. १८१५ मध्ये त्यांनी असा दिवा तयार केला, ज्याची ज्योत बाहेरचा गॅस पेटवणार नाही. तो खरोखर सुरक्षित आहे का हे पाहायला ते तो पेटता दिवा घेऊन स्वतः गॅस असलेल्या भुयारात गेले. त्याच वेळी नामवंत शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनीही असा दिवा केला. अशिक्षित यंत्रकाम्याला हे सुचणे शक्य नाही, त्याने कल्पना चोरली, असा आरोप लंडनच्या मंडळींनी केला. न्यूकॅसलच्या लोकांनी चौकशी केली, स्टीफन्सन यांचे काम स्वतंत्र असल्याचे ठरवले आणि वर्गणी काढून त्यांना १००० पौंड दिले.

पुढे त्यांनी रॉबर्टच्या नावाने न्यूकॅसलला इंजिनांचा कारखाना काढला आणि स्टॉकटन ते डार्लिंग्टन हा रेल्वेमार्ग बांधला. २७ सप्टेंबर १८२५ रोजी त्यावर लोकोमोशन नावाचे इंजिन धावले. इंजिनाचे वजन साडेसहा टनांच्या आसपास आणि मागचे ओझे सुमारे ८० टन. वाघिणींत कोळसा, पीठ आणि शेकडो माणसे होती. इंजिन स्वतः स्टीफन्सन चालवत होते. पण तीन वर्षांनी, १८२८ मध्ये, याच इंजिनाचा बॉयलर फुटून चालक ठार झाला. यंत्राकडून किती काम घ्यायचे याला मर्यादा असते आणि ती विसरली की यंत्र माफ करत नाही.

लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वेसाठी १८२५ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे स्टीफन्सन यांची उलटतपासणी झाली. जमीनदारांनी मोजणी करणाऱ्यांना शेतांत पाय ठेवू दिला नव्हता आणि हाताखालच्यांनी घेतलेली काही मापे चुकली होती. स्टीफन्सन यांनी ती पुन्हा तपासली नव्हती. वकिलांनी नेमके तिथेच बोट ठेवले. त्यांच्या न्यूकॅसलकडच्या खेडवळ बोलीचीही टर उडवली गेली. विधेयक पडले आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले.

हा भाग मी दोनदा वाचला. मी सहावीत इथे आलो तेव्हा मला मराठीशिवाय काही धड बोलता येत नव्हते. हिंदीत स्त्रीलिंग-पुल्लिंग चुकले की डॉर्मिटरीत हशा पिकायचा. इंग्रजीच्या तासाला तर मी तोंडच उघडत नसे. म्हणून भरलेल्या सभागृहात आपल्याच बोलीत उत्तरे देत उभ्या राहिलेल्या स्टीफन्सन यांचे चित्र माझ्या मनातून जात नाही. ते खचले असतील, पण पळाले नाहीत. १८२६ मध्ये नव्या मोजणीवर विधेयक मंजूर झाले आणि कंपनीने पुन्हा त्यांनाच मुख्य अभियंता म्हणून बोलावले. या वेळी त्यांनी मापे पक्की केली. वाटेत चॅट मॉस नावाची कित्येक किलोमीटर पसरलेली दलदल होती. भराव टाकला की आठवडेच्या आठवडे तो गिळला जाई. स्टीफन्सन यांनी झाडाच्या फांद्या आणि झुडपांच्या जाळ्या थरावर थर टाकून त्यावर मार्ग अक्षरशः तरंगत ठेवला.

आता गाड्या कशाने ओढायच्या यावर वाद झाला. कित्येक अभियंत्यांचे मत होते की जागोजागी मोठी इंजिने उभी करून दोरखंडाने गाड्या ओढाव्यात. म्हणून ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे स्पर्धा ठेवली. बक्षीस ५०० पौंड. अट अशी की इंजिनाने आपल्या वजनाच्या तिप्पट ओझे ताशी १० मैलांनी, म्हणजे १६ किलोमीटरनी ओढावे, आणि तेही एकदा धावून नव्हे, तर लिव्हरपूल-मँचेस्टर अंतराइतक्या फेऱ्या दोनदा पूर्ण करून. क्षणभर जोर दाखवणारे इंजिन त्यांना नको होते. दिवसभर टिकणारे हवे होते.

स्टीफन्सन पिता-पुत्रांचे इंजिन रॉकेट. त्याची बांधणी मुख्यतः रॉबर्टने केली. वजन फक्त सव्वाचार टन. यात एक युक्ती होती. बॉयलरमध्ये एका मोठ्या नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. ही कल्पना कंपनीचे सचिव हेन्री बूथ यांची. बारीक नळ्यांमुळे आगीची उष्णता पाण्याला जास्त जागी भिडे आणि लहान बॉयलरमध्येही भरपूर वाफ होई. वापरलेली वाफ धुराड्यात सोडल्याने आगीला हवेचा झोत मिळे. म्हणजे जितकी मेहनत जास्त, तितकी आग प्रखर. नॉव्हेल्टी हे इंजिन सर्वांत वेगवान आणि लोकांचे लाडके होते, पण वारंवार बिघडले. सां परेल मध्येच बंद पडले. रॉकेटने मात्र सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. ओझ्यासह सरासरी ताशी १९ किलोमीटरच्या वर आणि मोकळे असताना ताशी ४६-४७ किलोमीटर. नंतर ते व्हिस्टनच्या ९६ला १ या चढावरही माणसांनी भरलेला डबा घेऊन गेले. तिथे दोरखंडाशिवाय जमणार नाही असे सगळे धरून चालले होते.

१५ सप्टेंबर १८३० रोजी मार्गाचे उद्घाटन झाले. पाहुणे होते पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूच्या रणांगणावर १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारे दोन सेनापती म्हणजे वेलिंग्टन आणि ब्ल्यूखर. एकाचे नाव स्टीफन्सन यांच्या पहिल्या इंजिनाला होते आणि दुसरे आता त्यांच्या गाडीत बसले होते! पण त्याच दिवशी अनर्थ झाला. गाडी पाण्यासाठी थांबली असता खासदार विल्यम हस्किसन रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या रॉकेटखाली सापडले. त्या वेळी इंजिनांना आजच्यासारखे ब्रेक नव्हते, चाकांची गती उलटवूनच ते थांबवावे लागे. तेवढा वेळच मिळाला नाही. स्टीफन्सन यांनी जखमी हस्किसन यांना दुसऱ्या इंजिनावरून ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास वेगाने नेले. तोवर इतक्या वेगाने कोणी माणूस क्वचितच गेला असेल. तरी ते त्या रात्री वारले. ओढायची विद्या पुढे गेली होती आणि थांबवायची मागे राहिली होती. आमच्या उस्तादांनी टाकी अर्धी का ठेवली, याचे उत्तर या अपघातात आहे.

पुढची वर्षे मानाची गेली. स्टीफन्सन यांनी अनेक मार्ग बांधले, सरदारकीचा किताब नाकारला आणि १८४७ मध्ये यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. निवृत्तीनंतर चेस्टरफील्डजवळच्या घरी त्यांनी बागकामात मन रमवले. काकड्या वाकड्या वाढतात हे त्यांना खपेना, म्हणून त्यांनी काचेच्या नळ्या करवून त्यांत सरळ काकड्या वाढवल्या. १२ ऑगस्ट १८४८ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात रेल्वे धावलेली त्यांनी पाहिली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी निघाली. त्या कंपनीचे सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन होते आणि मुख्य अभियंता जेम्स बर्कले हे रॉबर्ट यांच्याच हाताखाली तयार झालेले. बर्कले यांच्यापुढे सह्याद्री उभा होता. बोरघाटात वाट सपाट करायची म्हटली तरी ३७ला १ यापेक्षा सौम्य चढ मिळाला नाही. गणित सोपे आहे, दर टनाला २७ किलो जास्तीची ओढ. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. तो खोदताना हजारो मजूर दगावले, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. आजही पुण्याकडे जाणारी लांब गाडी कर्जतला थांबते आणि मागून ढकलायला जादा इंजिने लावून घेते. दोनशे वर्षांत इंजिने हजारो अश्वशक्तीची झाली, पण चढाचा हिशोब तोच राहिला.

स्टीफन्सन यांच्याकडे जन्मतः काहीच मोठे नव्हते. ना घर, ना शाळा, ना भाषा. ओझे मात्र लहानपणापासून होते. ते ओढताना त्यांनी तीन गोष्टी केल्या असे मला वाटते. आधी वजन आणि चढ मोजला, मग वेगाची घाई सोडली आणि वाट सुधारत राहिले. आपल्यापैकी कोणी उद्या तोफा ओढणारी वाहने चालवील, कोणी इंजिनिअर होईल, कोणी घराचा भार घेईल. गाडीची ताकद किती हे विचारण्याआधी ओझे किती, चढ किती आणि थांबता येईल ना, हे तिन्ही विचारायची सवय आत्ताच लावून घेतलेली बरी.

— कॅडेट, इयत्ता दहावी